टायमिंग पुन्हा पुन्हा का सरकते?

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा दातेरी पट्टा) बदलल्यापासून इंजिनाची ताकद उतरली आहे. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) लावल्यावर पुलीवरची खूण बरोबर जुळते, तरी चढावर गाडी ओढत नाही. दोष कुठे असावा?

उत्तर : बेल्ट बदलताना उघडलेला क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, पुढचा बोल्ट पुरेसा आवळला गेला नसावा, असा आमचा पहिला संशय आहे. अनेक इंजिनांत टायमिंगचे दातेरी चाक जागेवर राहते ते प्रामुख्याने या बोल्टच्या दाबामुळे. शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी (धातूचा तुकडा) केवळ दिशा ठरवण्यासाठी असते. दाब सुटला की चावी प्रत्येक आवर्तनाला खाचेच्या कडेवर आदळते, खाच रुंदावते आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या मागे पडू लागतो. १९९०-९१च्या सुमाराच्या माझदा एमएक्स-५ या गाडीच्या १.६ लिटर इंजिनाचा हा दोष तर जगभर कुप्रसिद्ध आहे.

लाइटवर मात्र विसंबू नका. पुली त्याच चाकाला जोडलेली असेल, तर दोन्ही मिळून सरकतात आणि खूण बरोबरच दिसते. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून पिस्टन खरोखर सर्वोच्च बिंदूवर असताना खूण कुठे येते, हे डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकाने) पाहावे. इंजिन चालू असताना पुली डुलत असल्यास गाडी तिथेच थांबवा, कारण काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

नुसता बोल्ट आवळून भागणार नाही. चावी व बोल्ट नवे घ्या, खाच तपासा आणि मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा. खाच फारच झिजली असल्यास शाफ्ट बदलणे उत्तम.