आकडा कमी, म्हणून आजार कमी?

प्रश्न : वय ६४, सोलापुरात यंत्रमागावर ३० वर्षं काढली. मुलगा लंडनला आहे. त्याच्या नायजेरियन मित्राला प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग निघाला. कृष्णवर्णीयांना तो सगळीकडेच जास्त होतो का? मीही रात्री चारदा लघवीला उठतो.

उत्तर : काका, ब्रिटनमध्ये ४ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो, एकूण पुरुषांत ८ पैकी एकाला. अमेरिकेत त्यांचं या कर्करोगानं मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. कॅरिबियन बेटांवरही खूप. आफ्रिकेत नोंदी कमी दिसतात, पण त्यावर मी विसंबणार नाही. तिथं पीएसएची, म्हणजे हा कर्करोग लवकर हुडकायची, रक्ततपासणीच थोड्यांची होते. अनेक जण रोग हाडांत पसरून ती दुखायला लागल्यावरच दवाखान्यात पोचतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचं उठणं बहुधा ही प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढल्यामुळं असेल. तरी याच आठवड्यात मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा.