‘सटवी’ ही शिवी कोठून आली?

प्रश्न : आमची आजी उलट उत्तर देणाऱ्या सुनेला किंवा नातीला ‘मेली सटवी!’ म्हणत असे. घरात कोणी म्हणते की हा शब्द ‘साठ’वरून आला, तर कोणाच्या मते तो चारित्र्यावर शिंतोडा आहे. खरे काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : या शब्दाचा संबंध साठाशी नसून सहाशी आहे. संस्कृत ‘षष्ठी’पासून हिंदीत ‘छठी’ आणि आपल्याकडे ‘सटी’, ‘सटवी’, ‘सटवाई’ ही रूपे आली. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून जिची पूजा करतात आणि जी त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, तीच ही देवी. महाभारताच्या वनपर्वात स्कंदपत्नी देवसेनेला षष्ठी म्हटले आहे. गोव्यात तर ही चाल इतकी मुरलेली होती, की धर्मांतरित कुटुंबांतूनही ती सुटेना आणि इन्क्विझिशनला, म्हणजे पोर्तुगीज अमलातील ख्रिस्ती धर्मन्यायालयाला, १७३६च्या आदेशात सहाव्या रात्रीच्या जागरणाला मनाई करावी लागली.

अशा देवीची शिवी झाली ती धास्तीपोटी. सटवाई लेकरू राखते, पण कोपली तर नेते, असा समज होता. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यास होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. काल-परवापर्यंत नीट दूध पिणारे मूल एकाएकी अंगावर ओढेनासे होते, त्याचा जबडा आवळतो, अंग ताठ होते. जंतूंची वार्ता नसलेल्या घरांत हे सटवीचेच काम ठरे. नवसाने झालेल्या मुलाचे नाव सटवाजी ठेवायचे आणि मूल दगावले की बोल सटवीला लावायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. त्यातूनच सटवी म्हणजे लेकरांवर टपलेली आणि पुढे कजाग, तोंडाळ बाई, हा अर्थ रूढ झाला. यक्षिणीची ‘जखीण’ याच वाटेने झाली. ‘भवानी’ला तर रूपही बदलावे लागले नाही, नुसता सूर बदलला की पुरे.

चारित्र्याचा आरोप मात्र या शब्दात नाही. त्यासाठी भाषेत वेगळ्या शिव्या आहेत, आणि त्या नको तितक्या आहेत. आजीने नातीला ‘सटवे’ म्हटले तर त्यात निम्मे कौतुकच असे; जिचे तान्हे मूल गेले आहे अशा सुनेला उद्देशून तोच शब्द उच्चारणे मात्र निव्वळ क्रौर्य होते.