अर्जातल्या सगळ्या चुका एकदम कशा दाखवायच्या?

प्रश्न : नोंदणी अर्जाची तपासणी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली आहे. नाव, पिनकोड आणि मोबाइल तपासणारी तीन फंक्शनं ‘ईदर’ (बरोबर उत्तर किंवा चूक, यांपैकी एकच धरणारा टाइप) परत देतात. तिन्ही रकाने चुकले तरी पहिलीच चूक दिसते. ती सुधारली की दुसरी. पायऱ्या एकामागून एक लिहिण्याचं ‘डू’ काढून स्वतंत्र उत्तरं जोडणारं ‘<*>’ वापरलं, तरी तेच.

उत्तर : तेच होणार, कारण पहिल्या चुकीला थांबणं हा ‘ईदर’चाच स्वभाव आहे. पहिला ‘लेफ्ट’, म्हणजे चूक, आला की पुढच्या रकान्याचं उत्तर विचारातच घेतलं जात नाही. तुम्हाला हवा आहे ‘व्हॅलिडेशन’ हा टाइप. तो याच नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो. घडण ‘ईदर’सारखीच, पण ‘<*>’च्या दोन्ही बाजूंना ‘फेल्युअर’ (इथली चूक) असेल तर तो दोन्हीकडच्या चुका ‘<>’ने जोडतो. म्हणून चुकांचा टाइप सेमीग्रुप, म्हणजे दोन मूल्यं जोडून त्याच टाइपचं एक मूल्य देणारा, असावा लागतो. साधी लिस्ट चालते, तरी आम्ही ‘नॉन-एम्प्टी’, म्हणजे कधीच रिकामी नसणारी लिस्टच सुचवू. साध्या लिस्टमध्ये ‘अर्ज नापास, पण चूक एकही नाही’ ही अवस्था तयार होऊ शकते, आणि अर्ज भरणारा माणूस कोऱ्या लाल चौकटीकडे बघत बसतो.

‘डू’ मात्र इथे मिळणार नाही. त्यात पुढची पायरी मागच्या उत्तरावर उभी असते. मागचं उत्तरच नसेल तर पुढचं तपासणार काय? त्यामुळे ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या नंतरची हवी’ यासारखी तपासणी वेगळ्या टप्प्यात ठेवा. आधी दोन्ही तारखा ‘व्हॅलिडेशन’ने वाचा, मग निकाल ‘ईदर’मध्ये बदलून तुलना करा.

मेसेजबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी गोम तिथेच आहे. ‘अवैध माहिती’ या दोन शब्दांनी कुणाचंच काम होत नाही. रकाना कोणता, काय हवं होतं, काय आलं, या तिन्ही गोष्टी हव्यात : ‘पिनकोड ६ अंकी हवा, तुम्ही ५ अंक भरलेत.’ फंक्शनमधून हे वाक्य स्ट्रिंग म्हणून परत देऊ नका. ‘लांबी चुकली, हवी ६, आली ५’ अशी चूक स्वतंत्र टाइपमध्ये ठेवा आणि मराठी वाक्य एकाच जागी तयार करा. मग शब्द बदलले तरी टेस्ट मोडत नाहीत. पासवर्ड किंवा आधार क्रमांक मात्र मेसेजमध्ये परत छापू नका. मेसेज लॉगमध्ये जातात.

प्रश्न : पिनकोड ‘४११०३०’ असा देवनागरीत भरला की तपासणी पास होते, पण नंतर प्रोग्राम कोसळतो. तपासणी ‘इज-नंबर’ने केली आहे.

उत्तर : ‘इज-नंबर’ युनिकोडमधलं कुठलंही अंकचिन्ह मान्य करतं, अगदी ‘½’सुद्धा. तुम्ही पुढे अंकचिन्हाची संख्या करणारं ‘डिजिट-टू-इंट’ वापरलं असणार. त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. एररमध्ये २४१० दिसत असेल तर तो ‘४’ या चिन्हाचा युनिकोड क्रमांक आहे. हॅस्केल मूल्य गरज पडेपर्यंत काढत नाही, म्हणून एरर तपासणीच्या ओळीवर न येता पिनकोड प्रत्यक्ष वापरला जातो तिथे येते.

देवनागरी अंक नाकारू नका, आधी बदलून घ्या. ० ते ९ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. त्यातून २४०६ वजा केले की अंकाची किंमत मिळते. त्यावरून इंग्रजी अंक तयार करा. मधल्या मोकळ्या जागाही काढा, कारण बरेच जण ‘४११ ०३०’ असं लिहितात. मग ‘इज-डिजिट’ (फक्त इंग्रजी अंक मान्य करणारं), लांबी ६ आणि पहिला अंक शून्य नसणे, एवढं तपासा.