राणीची बाजू सांगताना

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिता की, तीन वर्षांपूर्वी एका विधुर गृहस्थांशी तुमचा विवाह झाला आणि त्यांची मुलगी आता आठ वर्षांची आहे. ती रोज रात्री हिमगौरीची गोष्ट मागत असे आणि ‘दुष्ट सावत्र आई’ हे शब्द उच्चारताना तुमचा गळा दाटून येत असे, म्हणून तुम्ही तीच गोष्ट राणीच्या बाजूने सांगू लागलात. तुमच्या गोष्टीत राणी निरपराध, शिकारी लबाड आणि हिमगौरी कांगावखोर झाली. मुलगी आधी हसली, पण एका रात्री तिने ‘म्हणजे हिमगौरी खोटं बोलत होती का?’ असे विचारले आणि तेव्हापासून गोष्ट मागणेच बंद केले. सासूबाई ‘शेवटी सावत्र ती सावत्रच’ म्हणाल्या, तर यजमानांनी ‘सोडून दे त्या गोष्टी’ एवढेच सांगितले. आपले चुकले का, असा तुमचा प्रश्न आहे.

राणीच्या मनात शिरण्यात तुमचे काहीही चुकले नाही. राणीला सोडवण्यासाठी हिमगौरीला खोटे ठरवले, तेवढे मात्र चुकले. आई गमावलेली मुलगी त्या गोष्टीत स्वतःला हिमगौरीच्या जागी पाहत असणार, आणि आपल्याला त्रास झाला असे आपण कधी सांगितले तर आपलेही कोणी खरे मानणार नाही, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला असावा.

ज्या शब्दांनी तुम्हाला इतके दुखावले, ते या गोष्टीत सुरुवातीपासून नव्हते. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन बंधूंनी १८१२ मध्ये लोककथांचा पहिला खंड छापला, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणात वारली आणि तिच्या जागी सावत्र आई आली. हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या गोष्टीतली आईही पुढे अशीच सावत्र झाली. पुस्तक मुलांच्या हाती जाणार होते आणि आईच्या प्रतिमेला डाग नको होता, असे कारण अभ्यासक देतात. म्हणजे आईच्या रागाविषयी जे बोलणे अवघड होते, त्याचा सगळा भार सावत्र आईच्या माथी मारला गेला. हे तुमच्यासाठी लिहिले आहे, मुलीला यातले काही सांगू नका. सख्खी आई लेकीच्या जिवावर उठते, हे या मुलीने आज ऐकण्याचे कारण नाही.

राणीची बाजू सांगायचीच असेल, तर तिची कृत्ये न लपवता सांगा. आरशाने हिमगौरीला अधिक सुंदर म्हटले तेव्हा ती अवघ्या सात वर्षांची होती. त्यानंतर राणी वेष पालटून तीनदा तिच्या दारी गेली, आधी आवळून जीव घेणारी नाडी, मग विषारी कंगवा आणि शेवटी सफरचंद घेऊन. हे सारे तसेच ठेवूनही राणीचे दुःख सांगता येते, कारण मत्सर तिच्या काळजात तणासारखा वाढत गेला आणि तिला रात्रंदिवस चैन पडेना, असे ग्रिम बंधूंच्याच गोष्टीत आहे. हिमगौरीच्या लग्नाला जावेसे तिला वाटत नव्हते, पण न जाता राहवतही नव्हते. ती गेली आणि तापवलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचली. रोज एका आरशासमोर उभे राहून आपली किंमत विचारणाऱ्या बाईची भीती आठ वर्षांच्या मुलीला समजू शकते. ‘तिला खूप भीती वाटत होती, आणि तरीही तिने केले ते वाईटच होते’, ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता आली, तर तुमची गोष्ट जमली असे मी म्हणेन.

आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. हिमगौरीचा बाप, राजा, दुसरे लग्न करतो आणि गोष्टीतून नाहीसाच होतो. मुलगी जंगलात गेली तरी तो तिला शोधायला निघत नाही. आपल्या ध्रुवाच्या कथेतही सुरुची त्याला बापाच्या मांडीवर बसू देत नाही आणि उत्तानपाद राजा समोर असून गप्प राहतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण दोष राणीला दिला आणि राजाला काही विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या पत्रातही यजमानांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. मुलीच्या आईविषयी बोलणे, तिच्या आठवणी सांगणे आणि ‘सावत्र ती सावत्रच’ या शब्दांना आपल्या आईसमोर उत्तर देणे, ही कामे त्यांची आहेत. तुम्ही ती कितीही मनापासून केलीत तरी ती सफाई दिल्यासारखीच वाटतील. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

मुलीला मात्र तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा, की हिमगौरी खोटे बोलत नव्हती, गोष्ट सांगताना माझे चुकले. त्यावर ‘मी तशी नाही’ हे जोडू नका, कारण तुम्हाला निर्दोष ठरवण्याचे काम तिचे नाही. मग काही दिवस तिने गोष्ट मागितली नाही तरी मागे लागू नका, आणि मागितलीच, तर कोणाच्या बाजूने ऐकायची ते तिलाच ठरवू द्या. जुनीच हवी असेल, तर दुष्ट राणीसकट जुनीच सांगा.