शिरोरेषेतली फट

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं, दोनदा वाचलं. तिसरीतला तो मुलगा धडा घडाघडा म्हणतो, पण बोट भलत्याच ओळीवर असतं, हे तू बरोबर टिपलंस. आईकडून ऐकून पाठ केला असणार. उद्या त्याच पानावरचा मधलाच एखादा शब्द दाखव, बाकीचा मजकूर कोऱ्या कागदानं झाकून. तिथं तो अडला, तर समज की स्मरणशक्ती उत्तम आहे, अक्षर आणि आवाज यांची गाठ मात्र बसलेली नाही. ‘आळशी आहे’, ‘लक्षच नसतं’ असं कुणी ना कुणी म्हणेल. तुझ्या तोंडून ते येऊ देऊ नकोस. इतर मुलांचं पान वाचून होतं, तेवढ्यात हा एका ओळीनं दमून जातो.

मी नवीन असताना चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायचे. एकदा एका मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. शब्द होता ‘पाणी’. तिनं आधी एकाखाली एक दहा ‘पा’ लिहिले, मग वरून पुन्हा सुरुवात करून दहा ‘णी’. वही देखणी दिसत होती, पण ‘पाणी’ हा शब्द तिनं एकदाही लिहिला नव्हता. तेव्हापासून ती शिक्षा मी बंद केली. आधीच्या किती मुलांचे हात मी उगाच दुखवले, हे आजही मनाला लागतं.

आधी कान तयार कर. ‘कमळ’ म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला एक चिंचोका ठेवायचा. ते जमलं की ‘कि’ फोडायचा: क् आणि इ, दोन चिंचोके. मग ताटात रवा पसर आणि आवाज मोठ्यानं म्हणत बोटानं अक्षर गिरवू दे. डोळा, कान, हात, तोंड सगळं एका वेळी कामाला लावायची ही रीत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी इंग्रजीसाठी बसवली. आपल्या लिपीची दुखणी वेगळी आहेत, ती आपणच ओळखायला हवीत.

घ-ध, म-भ, य-थ या जोड्या बघ. ध, भ आणि थ यांच्या शिरोरेषेत डावीकडे फट असते, घ, म आणि य यांच्यात नसते. मुलं शब्द लिहून झाल्यावर वरून एकच लांब रेघ ओढतात. फट बुजते आणि ‘धर’चं ‘घर’ होतं. म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ त्या अक्षराबरोबरच काढायला शिकव. जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी घेऊ नकोस. ध पक्का होऊ दे, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ दे, मग घ.

पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. अशा मुलाचा तिथं फार गोंधळ होतो. लिहिताना आधी अक्षर, मग वेलांटी, हा क्रम मोडू देऊ नकोस. रफाराचंही तसंच. ‘पर्वत’मध्ये र् ऐकू येतो प नंतर, पण बसतो व च्या डोक्यावर. ‘र् पुढच्याच्या डोक्यावर बसतो’ असं म्हणत बोटानं दाखवायचं. ऱ्हस्व-दीर्घासाठी जोड्या म्हणून घे: फूल-फुलाला, मूल-मुलाला, वीज-विजेला, बहीण-बहिणीला. अशा मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ उकार किंवा इकार, प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. सुटे शंभर शब्द पाठ करण्यापेक्षा हा एक नियम त्याला जास्त साथ देईल. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण खाडा नको.

वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नकोस. परिच्छेद आदल्या दिवशी सांग. परिसर अभ्यासाचा धडा तू वाचून दाखव आणि उत्तरं तोंडी घे. तो किती हुशार आहे ते वर्गालाही कळू दे.

हा डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार मुलालाही वाचता-लिहिताना येणारी अडचण, आहे की नाही, हा निवाडा आपण करायचा नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडे. चाचणी मराठीतून व्हावी असा आग्रह धर, कारण तो मराठीतून शिकतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाच्या चाचण्या केल्यात, त्या मराठीतही आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींचा, समावेश आहे. प्रमाणपत्र असलं की पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

वडिलांना बोलावशील तेव्हा जपून बोल. हा त्रास बऱ्याचदा घराण्यात असतो. एकदा एक वडील माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसले आणि मग हळूच म्हणाले, “बाई, मलाबी असंच व्हायचं. मार खाऊन खाऊन मी शाळा सोडली.” त्या दिवसानंतर त्यांनी पोरावर हात उगारला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा त्याची वही घेऊन ये. खाडाखोडीची पानं फाडू देऊ नकोस, मला तीच बघायची आहेत.

तुझी,
बाई