चिमणीच्या दातांनी

प्रिय चिऊ,

परवा रात्री मी दिवा घालवत असताना तू विचारलंस, "बाबा, माझं तोंड घाण आहे का?" मी "नाही गं, झोप आता" म्हणालो आणि दार ओढून घेतलं. तू झोपलीस. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

झालं होतं एवढंच. आपण दोघं गणपतीसाठी धोंडस, म्हणजे आपला काकडीचा कोकणी केक, करत होतो. गूळ घातलेलं मिश्रण ढवळता ढवळता तू चमचा चाटलास आणि तोच पुन्हा पातेल्यात घातलास. मी केवढ्यांदा ओरडलो, "उष्टं केलंस ना सगळं!" तुझ्या मैत्रिणीसमोर पातेलं बाजूला सारलं आणि देवासाठी दुसरं करायला घेतलं. ती बावरली, मी का ओरडलो ते तिने तुला विचारलं. 'उष्टं' या शब्दाला तिच्या भाषेत शब्द सापडेना, तेव्हा तू तिला हळूच म्हणालीस, "डर्टी." मला ते ऐकू आलं होतं. तिच्या घरी केक केला की तिची आई पातेलं चाटायला मुद्दाम मुलांच्या हातात देते, हे तूच मला सांगितलं होतंस. तिकडे ज्याचे लाड, इकडे त्यालाच ओरडा. मग तू तो प्रश्न विचारणार नाहीस तर काय करशील?

तुझं तोंड घाण नाही. हे आधी लिहून टाकतो. बाकीचं सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. शनिवारच्या मराठी शाळेत अजून जोडाक्षरं चालली आहेत, तेव्हा जड जाईल तिथे आईला वाचून दाखवायला सांग.

माईचा फोटो तू रोज बघतेस, देव्हाऱ्याशेजारचा नऊवारीतला. ती माझी आजी. गुहागरच्या पुढे, हेदवीच्या अलीकडे आपलं घर होतं. भाद्रपदात परसातल्या वेलावरची तवसी जून होऊन पिवळी पडायची. तवसं म्हणजे काकडीच, पण हातभर लांब आणि मांडीएवढी जाड. इथल्या दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते ती त्याच्यापुढे अगदीच पोर. माई तवसं चिरायची, आतल्या बिया काढायची आणि विळीच्या खवणीवर गर खवायची. सुटलेलं पाणी टाकायचं नाही, त्यातच सगळी चव असते. तांदळाच्या कण्या तुपावर तांबूस भाजून त्याच पाण्यात शिजवायच्या. मग गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. तळाला केळीचं पान घातलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात ते सगळं थापायचं. ना सोडा, ना अंडं, ना मैदा. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कण्या आधी नीट शिजल्या तरच धोंडसाची वडी पडते, नाहीतर भुगा होतो. मागच्या वर्षी आपला झाला होता तसा.

ओव्हन कुठला असायला! चुलीतले निखारे थोडे पुढे ओढून त्यांवर पातेलं, पातेल्यावर सपाट झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालून आणि वरून, दोन्हीकडून धग. झालं की नाही हे बघायला माई माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पातीतली काडी, टोचायची. तू केकमध्ये टूथपिक टोचतेस, तसाच. हीर कोरडा निघाला की पातेलं उतरवायचं.

पण चव कोणी बघायची नाही. तीही नाही. दुपारी नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्या घरात कोणाच्या जिभेला गूळ लागायचा नाही. पहाटेपासून धुरात बसलेली बाई मीठ हाताच्या अंदाजाने घालायची, गूळ वासावरून ओळखायची आणि सगळ्यात शेवटी जेवायची. एका वर्षी तिने अळूच्या फदफद्यात मीठ दोनदा घातलं. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी ताक पिऊन पिऊन ते संपवलं. मी लहान असताना चिडायचो. मला वाटायचं, हा नियम आम्हा मुलांना छळायला काढलाय. त्यात सगळ्यात जास्त तीच बांधलेली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि चिऊ, त्या नियमात नुसता देवच नव्हता. आमच्या घरी फ्रिज आला तेव्हा मी आठवीत होतो. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळायचे नाहीत, पापड सादळायचे, भिंतींना बुरशी यायची. कैरीचं लोणचं त्या हवेत वर्षभर टिकवायचं, तर बरणीत ओला किंवा उष्टा चमचा जाऊन चालायचंच नाही. माणसाच्या लाळेने पिठूळ पदार्थांतला स्टार्च फुटतो. तोंडातला चमचा पेजेत परत घालून ठेवला तर थोड्या वेळाने पेज पातळ होते. लाळेतल्या ज्या घटकाने हे होतं त्याचं 'अमायलेज' हे नाव माईला माहीत नव्हतं, पण पेज का पाणचट झाली हे तिला बरोबर कळायचं. "कोणी चमचा चाटला?" अशी हाक यायची आणि तो बहुतेक मीच असायचो.

इथपर्यंत मी माईच्या बाजूने आहे. तू विचारलंस तेव्हा एवढंच सांगून मोकळा झालो असतो. पण मग तुला अर्धंच सांगितलं असतं.

आमच्या पडवीत खांबामागे एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली एक कपबशी असायची. लावणीला, कापणीला ज्या बाई यायच्या त्यांच्यासाठी होती ती. चहा वरून ओतायचा. प्यायल्यावर त्या स्वतःच ती पागोळीखाली विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, माझ्याच बाकावर. शाळेतून येताना आम्ही कैरी, आवळा, लिमलेटची गोळी, जे असेल ते अर्धं अर्धं करायचो. गोळी शर्टाच्या टोकात धरायची आणि कापडावरून दातांनी फोडायची. त्याला आम्ही 'चिमणीच्या दातांनी तोडणं' म्हणायचो. मध्ये कापड आलं की ते उष्टं नाही, हा आमचा नियम. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी तो पाळलाय. मोठ्यांनी उष्टं खाऊ नका म्हणून सांगितलेलं होतं आणि आम्हाला तर वाटून खायचं होतं. मग मुलांनी मधे चिमणी आणली. आईलाही विचार, तिने कोल्हापुरात हेच केलं असेल. तुला 'चिऊ' म्हणायला लागलो, त्याच्यामागे थोडी ती चिमणीही आहे.

एकदा तो मुलगा गौरीच्या दिवसांत घरी आला. माईने दोघांना धोंडस दिलं. मला ताटलीत, त्याला पडवीत केळीच्या पानाच्या तुकड्यावर. आता केळीच्या पानावर सणाला आम्ही सगळेच जेवायचो आणि देवाचा नैवेद्यही पानावरच असायचा. मी स्वतःला हे पुष्कळदा समजावलंय. पण त्या दिवशी एक ताटली होती आणि एक पान होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं. त्याने धोंडस खाल्लं, पान उकिरड्यावर टाकलं आणि म्हणाला, "मस्त झालंय." त्यानंतर घरी तो कधी आला नाही. शाळेत मात्र गोळी वाटून खायचं चालू राहिलं.

मे महिन्यात मुंबईला काकांकडे जाताना आमची एस.टी. महाडच्या स्टँडवर थांबायची. मी तिथे वडा खायचो. त्याच गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तिथे गेले आणि त्या तळ्याचं पाणी ओंजळीने प्याले, कारण त्या माणसांना ते पिऊ देत नसत. त्यानंतर गावातल्या काही लोकांनी गोमूत्र आणि शेण ओतून तळं 'शुद्ध' केलं. हा धडा शाळेत होता, मी परीक्षेत उत्तरही लिहिलं. पण आमच्या कोनाड्यातली कपबशी आणि ते तळं एकाच गोष्टीतले, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. मलाही ते कॉलेजात गेल्यावर सुचलं.

आता तू म्हणशील, मग माझ्यावर ओरडलास कशाला? खरं सांगू? मला कळलंच नाही. तोंडातून माईचाच आवाज आला. आणि तुझ्या 'डर्टी'ने ती कपबशी आठवली. त्या बाईंनी कधी विचारलं नाही, पण पागोळीखाली कप विसळताना त्यांच्या मनात तुझाच प्रश्न असेल.

देवाला पहिला घास काढून ठेवावा, असं मला अजून वाटतं. का, ते नीट सांगता येत नाही. धग लागून फुगलेलं धोंडस समोर आहे, वास घरभर आहे आणि तरी सगळे मिळून थोडं थांबलेत, ती शांतता मला हवीशी वाटते. तुला ती कंटाळवाणी वाटत असेल तर तसं सांग. मी रुसणार नाही. लोणच्याच्या बरणीत कोरडा चमचा, हे मात्र ऐकायचंच, कारण त्यावर तुझ्या आजीने पाठवलेल्या लोणच्याचं आयुष्य ठरतं.

या शनिवारी पुन्हा करू या. एक वाटी कण्या, दोन वाट्या काकडीचा कीस पाण्यासकट, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी खोबरं. ओव्हन १८० अंशांवर, चाळीसेक मिनिटं. तुझ्या मैत्रिणीलाही बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय. 'उष्टं' म्हणजे 'डर्टी' नाही, हे तिला मी सांगेन, शब्द सापडले तर. दोन चमचे घेऊ, एक ढवळायला आणि एक चाटायला. दोघींना सारख्याच ताटल्या.

आणि या वेळी टिनमध्ये तो बेकिंगचा कागद घालू नकोस, नुसतं तूप लाव. कागदामुळे खालचा थर करपत नाही आणि मग खरवड मिळत नाही. माईच्या पातेल्यात पान जळून जायचं आणि त्याच्याखाली गुळाची काळपट, कडक खरवड धरायची. नैवेद्य झाला की ती पातेलं माझ्यासमोर ठेवायची, हातात उलथणं द्यायची आणि म्हणायची, "हे सगळं तुझं. कसं खायचं ते खा." मी पातेल्यात डोकं घालून चाटायचो. तेव्हा ती काही म्हणायची नाही.

तुझा,
बाबा