‘का’ या एका अक्षराविषयी

अनुवादाच्या कामात आपण नव्याने येत आहात, म्हणून ‘का’ या एकाक्षरी शब्दाकडे आरंभीच लक्ष द्यावे, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. मराठीत ‘का आलास?’ म्हटले की कारण विचारले जाते, ‘आलास का?’ म्हटले की केवळ होकार किंवा नकार अपेक्षित असतो, आणि ‘चहा घेणार का कॉफी?’ या वाक्यात तोच शब्द ‘किंवा’चे काम करतो. हिंदीत ‘राम का घर’ म्हणताना तो आपल्या ‘चा’ची जागा घेतो. जपानीत मात्र ‘का’ वाक्याच्या शेवटी येऊन प्रश्न करतो आणि दोन नामांमध्ये आला तर ‘किंवा’ हाच अर्थ देतो. हे साम्य विलक्षण असले, तरी मराठी आणि जपानी या दोन्ही भाषांची कुळे वेगळी असल्याने त्यावरून नाते जोडू नये. आपल्या वहीत ‘का’समोर सुटे अर्थ न लिहिता पूर्ण वाक्येच उतरवावीत.